५१२ अक्षरांची जागा

[दृश्य: लॅपटॉपचा काळा पडदा. वर डाव्या कोपऱ्यात लॉगिनची ओळ, शेजारी लुकलुकणारा कर्सर.]

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३. लिनक्सवर या तीन कळा एकदम दाबल्या की खिडक्या, आयकॉन, माउसचा बाण, सगळं नाहीसं होतं. उरतो काळा पडदा आणि तुमचं नाव विचारणारी एक ओळ. हा टेक्स्ट कन्सोल. एरवी इथे कुणी फिरकत नाही. पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर रुसला, अपडेट अर्ध्यावर अडकलं किंवा सर्व्हर रूममधल्या यंत्राला मॉनिटर जोडायची पाळी आली, की गाठ याच्याशीच पडते.

आणि नव्या लॅपटॉपवर पहिली तक्रार ठरलेली असते: अक्षरं फार बारीक आहेत.

फोर-के पडदा ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा. कन्सोलचं पारंपरिक अक्षर ८ ठिपके रुंद, १६ ठिपके उंच. करा भागाकार. एका ओळीत ४८० अक्षरं, आणि अशा १३५ ओळी. तेवढ्याशा पडद्यावर! २०१९ साली आलेल्या ५.० कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, यावर उतारा म्हणून १६ बाय ३२ ठिपक्यांचा टर्मिनस फॉन्ट घातला गेला. त्यामुळे बऱ्याच यंत्रांवर आता डोळे कमी ताणावे लागतात. जिथे अजूनही ताणावे लागतात, तिथे कामाला येते ती सेटफॉन्ट ही आज्ञा.

[दृश्य: बोटं टाइप करतात. एंटर. पडद्यावरची सगळी अक्षरं एका क्षणात दुप्पट होतात.]

सेटफॉन्ट, स्पेस, हायफन, डी. आहे तोच फॉन्ट दुप्पट आकारात. अक्षरांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात, पण वाचता येतं. जरा नीट हवं असेल तर टर्मिनसचं पॅकेज टाका आणि लिहा: सेटफॉन्ट, स्पेस, टर, हायफन, १३२एन. या विचित्र नावात सगळं सांगितलेलं आहे. पहिला १ म्हणजे अक्षरसंच, ३२ म्हणजे उंची, एन म्हणजे साधं. एनच्या जागी बी लिहिलंत की ठळक. तासन् तास लॉग वाचायचे असतील तर आमचं मत बी-ला. फसलात, पडद्यावर भलतंच काही उमटायला लागलं, तर नुसतं सेटफॉन्ट लिहून एंटर मारा. काही न वाचताही लिहिता येतं. मूळचा फॉन्ट परत येतो.

एक मात्र लक्षात ठेवा. हे सगळं खऱ्या कन्सोलवरच चालतं. डेस्कटॉपवरच्या टर्मिनलच्या खिडकीत सेटफॉन्ट दिलंत तर कन्सोल सापडत नाही अशी तक्रार येते, आणि ती रास्तच आहे. त्या खिडकीतली अक्षरं डेस्कटॉप काढतो. कन्सोलचा तिथे संबंध नाही.

एकदा दिलेली आज्ञा यंत्र पुन्हा सुरू केलं की विसरली जाते. कायमची सोय फेडोरा आणि आर्च या लिनक्सच्या प्रकारांवर ईटीसी फोल्डरमधल्या व्हीकन्सोल डॉट कॉन्फ या फाइलीत होते: फॉन्ट, बरोबरचं चिन्ह, फॉन्टचं नाव. डेबियन घराण्यात डीपीकेजी-रीकॉन्फिगर, स्पेस, कन्सोल-सेटअप. ही आज्ञा एकामागून एक प्रश्न विचारते. एन्कोडिंग कोणतं, लिपी कोणती, फॉन्ट कोणता, आकार केवढा. यातल्या लिपीच्या प्रश्नाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

[दृश्य: यंत्र सुरू होताना. मोठी अक्षरं भराभर वर सरकतात. पडदा क्षणभर काळा. मग तीच अक्षरं बारीक.]

यंत्र सुरू होताना मध्येच पडदा मिचकावतो आणि अक्षरं एकदम लहान होतात, हे तुम्ही पाहिलं असेल. तो बिघाड नाही. त्या क्षणी ग्राफिक्स ड्रायव्हर जागा होतो आणि पडद्याच्या खऱ्या ठिपक्यांचा ताबा घेतो. पडद्याचा मोड ठरवण्याचं हे काम कर्नलने स्वतःकडे घ्यायला २००९ च्या २.६.२९ आवृत्तीपासून, इंटेलच्या चिपांपासून, सुरुवात केली. कर्नलला नोमोडसेट असा शब्द सुरुवातीलाच दिला, तर तो हे काम करत नाही आणि जुन्या ढोबळ मोडमध्ये राहतो. कोरा पडदा दाखवणारं यंत्र दुरुस्त करताना म्हणूनच हा शब्द पहिला आठवतो. याच ठिकाणी एफबीकॉन, बरोबरचं चिन्ह, रोटेट, कोलन, १ असं दिलं की सगळा कन्सोल आडवा होतो. मॉनिटर उभा लावणाऱ्यांना याची किंमत कळेल.

पण ८ बाय १६ आलं कुठून?

[दृश्य: १९८० च्या दशकातला पीसी. हिरव्या अक्षरांचा मॉनिटर.]

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्याचा टेक्स्टचा पडदा ८० रकान्यांचा आणि २५ ओळींचा. ८० हा आकडा त्याहूनही जुना, १९२८ च्या आयबीएमच्या पंचकार्डावरचा. पडद्यावरच्या प्रत्येक चौकोनासाठी स्मृतीत दोन बाइट राखलेले. एक बाइट अक्षर कोणतं ते सांगणार, दुसरा त्याचा रंग. ८० गुणिले २५ गुणिले २, म्हणजे ४००० बाइट. एवढ्यात अख्खा पडदा मावायचा. प्रोग्रामने तिथे आकडा लिहिला की पडद्यावर अक्षर उमटलंच. अक्षराचा आकार कसा, वळण कुठे, ही काळजी ग्राफिक्स कार्डावरची चिप करायची.

१९८७ मध्ये व्हीजीए हे आयबीएमचं नवं ग्राफिक्स मानक आलं. टेक्स्टच्या मोडमध्ये ७२० बाय ४०० ठिपके, प्रत्येक चौकोन ९ बाय १६. फॉन्टमध्ये मात्र अक्षर ८ ठिपक्यांचंच. नववा रकाना दोन अक्षरांत फट राहावी म्हणून कोरा ठेवलेला. अपवाद फक्त तक्त्यांच्या रेघा काढणाऱ्या चिन्हांचा. त्यांच्यासाठी चिप आठवा ठिपकाच नवव्या जागी पुन्हा काढायची, नाहीतर आडव्या रेघा तुटक दिसल्या असत्या. ही कारागिरी आमच्या मते कौतुकाची आहे. एका ठिपक्यासाठी केलेला अपवाद, तोही थेट सर्किटमध्ये.

आता त्या दोन बाइटांकडे परत या. दोन बाइट म्हणजे १६ बिट. ८ बिट अक्षराला, म्हणजे २५६ अक्षरं. इंग्रजी, थोडं युरोप आणि तक्त्यांच्या रेघा यांना पुरेसं. त्यापेक्षा जास्त हवं असेल तर रंगाच्या आठांतला एक बिट उसना घ्यायचा. मग अक्षराला ९, रंगाला ७. नऊ बिटांत मावतात ५१२ अक्षरं. व्हीजीएच्या टेक्स्ट मोडमध्ये याची किंमत म्हणजे अक्षरांच्या उजळ छटा गेल्या. १६ रंगांचे ८ झाले.

आजच्या लॅपटॉपमध्ये ती चिप त्या रूपात काम करत नाही. अक्षरं कर्नल स्वतः ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवतो. लाखो रंग दाखवणारा पडदा समोर आहे, स्मृतीला तोटा नाही. तरीही लिनक्सच्या कन्सोलचा चौकोन आजही १६ बिटांचाच आणि फॉन्टची कमाल मर्यादा ५१२. शोकन्सोलफॉन्ट अशी आज्ञा द्या, तो अख्खा संसार एका पडद्यावर मांडून दाखवते.

[दृश्य: शोकन्सोलफॉन्टचा तक्ता. मग फोल्डरांची यादी, काळ्यावर गडद निळ्या अक्षरांत.]

रंगांचंही तेच. एलएस ही फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा दिली की फोल्डरांची नावं निळी येतात. काळ्यावर गडद निळं. हे कुणाला वाचता येत असेल तर त्याच्या डोळ्यांना नमस्कार. या निळ्यात लाल शून्य, हिरवा शून्य, निळा १७०. तो बदलता येतो. सेटव्हीटीआरजीबी या आज्ञेला एक फाइल द्यायची. त्या फाइलीत तीन ओळी, लाल, हिरवा, निळा अशा क्रमाने, आणि प्रत्येक ओळीत स्वल्पविरामाने तोडलेले १६ आकडे. तिन्ही ओळींतला पाचवा आकडा म्हणजे तो निळा. पहिल्या दोन ओळींत तिथे शंभराच्या आसपास आणि तिसरीत २५५ ठेवा, फोल्डरं दिसू लागतील. चौथा रंग खरं तर गडद पिवळा असायला हवा होता, पण तो तपकिरी आहे. १९८० च्या दशकातल्या आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये त्या एका रंगातला हिरवा निम्मा करणारं सर्किट होतं, कारण गडद पिवळा भलताच शेवाळी दिसायचा. तो मॉनिटर भंगारात गेला. तपकिरी रंग कर्नलमध्ये राहिला.

बाकीच्या सेटिंग्ज झटपट. सेटटर्म, दोन हायफन, ब्लँक, आणि पुढे मिनिटं: तेवढा वेळ कुणी कळ दाबली नाही तर पडदा काळा. शून्य दिलं तर कधीच नाही. सर्व्हरवर शून्यच ठेवा. यंत्र कोलमडताना त्याने लिहिलेला शेवटचा संदेश काळ्या पडद्याआड गेला तर तो वाचायचा कसा? आणि वर सरकून गेलेल्या ओळी शिफ्ट-पेजअप दाबून पाहायची जुनी सवय असेल तर ती सोडा. कर्नलमधली ती सोय २०२० साली काढून टाकली गेली. त्याऐवजी लेस किंवा टीमक्स हे प्रोग्राम वापरा.

[दृश्य: कन्सोलवर एको आज्ञेपुढे मराठी शब्द. खाली उत्तरादाखल एकसारख्या खुणांची रांग.]

आता लिपीचा प्रश्न. या पडद्यावर 'मराठी' हा शब्द छापायला सांगितला की अक्षरांच्या जागी एकसारख्या खुणांची रांग येते. डेबियनच्या त्या प्रश्नावलीत अरबी आहे, ग्रीक आहे, हिब्रू, जॉर्जियन, इथिओपियन, थाई, अगदी लाओसुद्धा आहे. देवनागरी नाही. भारतातली कुठलीच लिपी नाही.

सहज वाटेल की ५१२ जागा अपुऱ्या पडतात. पण युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ विभागाला १२८च जागा आहेत. त्या सहज मावतील. अडचण पुढे आहे. कन्सोलचा नियम साधा: एक संकेत, एक चौकोन, डावीकडून उजवीकडे. आपण 'हिशेब' लिहितो तेव्हा संगणकात आधी 'ह' साठवला जातो, नंतर वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यायला हवी. 'क्ष' म्हणजे तीन संकेत, आकार एक. 'पर्व' मधला रफार 'व'च्या डोक्यावर बसतो, पण साठवताना तो 'व'च्या आधी असतो. हे जुळवून आणणारी यंत्रणा या चौकोनांच्या जाळीत कधी नव्हतीच. कन्सोलच्या पीएसएफ फॉन्टच्या फाइलीत 'या संकेतांच्या मालिकेसाठी हा आकार' असं नोंदवायची सोय आहे. कर्नलचा तक्ता मात्र एका संकेताला एक आकार एवढंच ओळखतो.

[दृश्य: सी-डॅकची पुण्यातली इमारत. जुन्या पीसीत बसवायचं जिस्ट कार्ड.]

गंमत अशी की हा प्रश्न एकदा सुटला होता, आणि तोही टेक्स्टच्या पडद्यावरच. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात जिस्ट या भारतीय लिपी दाखवणाऱ्या तंत्रज्ञानावर काम झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधनाची सरकारी संस्था सुरू झाल्यावर ते तिथे वाढलं. जिस्टचं कार्ड पीसीत बसवायचं. मग डॉसवरच्या डीबेससारख्या प्रोग्रामला पत्ताही लागायचा नाही की आपण मराठी दाखवतो आहोत. तो आपला एकेक बाइट पाठवत राहायचा, आणि वेलांटी कुठे, रफार कुठे, हे कार्ड बघायचं. ज्या संकेतांवर हे चालायचं त्या इस्कीला १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्यात बहुतेक भारतीय लिपींतल्या 'क'ला एकच संकेत होता. म्हणून दाखवायची लिपी बदलली की तोच मजकूर गुजरातीत किंवा तेलुगूत उभा राहायचा. टेक्स्ट पडद्यासाठी याहून देखणी सेटिंग आम्ही पाहिलेली नाही.

विंडोज आलं, मग युनिकोड आलं, आणि आकार जुळवायचं काम ग्राफिक्सच्या थरात गेलं. डेबियनने २००७ मध्ये ग्राफिकल इन्स्टॉलर आणला, त्याचा एक फायदा हाच होता की टेक्स्ट इन्स्टॉलरला न जमणाऱ्या लिपी त्यात दाखवता येत होत्या. काळा कन्सोल मात्र होता तिथेच राहिला. केएमएसकॉनसारखे पर्यायी कन्सोल आहेत, ते चांगले फॉन्ट वापरतात आणि ५१२ ची मर्यादा ओलांडतात. पण चौकोनांची जाळी तिथेही असते, त्यामुळे जोडाक्षरांची ओढाताण पुरती मिटत नाही.

[दृश्य: प्रोफाइल फाइलीत लिहिली जाणारी अट.]

तोवर मराठी डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी एवढं करावं. यंत्राची भाषा मराठी ठेवली असेल तर कन्सोलवर चुकांचे संदेशही त्याच न वाचता येणाऱ्या खुणांत येतात, आणि नेमके अडचणीच्या वेळी. म्हणून आपल्या प्रोफाइल फाइलीत एक अट घाला: टर्म या चलाची किंमत 'लिनक्स' असेल, तर लँग इंग्रजी. खऱ्या कन्सोलवर टर्मची किंमत तीच असते. खिडकीतल्या टर्मिनलवर ती वेगळी असते, त्यामुळे तिथलं मराठी शाबूत राहतं.

आणि फाइलींची नावं मराठीत असतील तर? 'लग्नाचे फोटो' आणि 'घराची कागदपत्रं' कन्सोलवर सारखीच दिसणार. एलएस, हायफन, आय द्या. प्रत्येक नावाआधी त्या फाइलीचा आयनोड क्रमांक, म्हणजे डिस्कवर तिची ओळख सांगणारा आकडा, येतो. तारीख आणि आकार हवा असेल तर आयसोबत एल जोडा, कोणती फाइल कोणती ते त्यावरून ओळखता येतं. मग फाइंड, हायफन, आयनम आणि तो क्रमांक दिला, की हवी ती फाइल नाव न वाचताही पेनड्राइव्हवर उतरवता येते.