तिवराची मुळं, चित्राचा परवाना

[दृश्य: आचऱ्याची खाडी, ओहोटी]

पाणी उतरलं की तिवर या खारफुटीच्या झाडाभोवती पेन्सिलीसारखी श्वसनमुळं, म्हणजे हवा घेणारी मुळं, चिखलातून वर आलेली दिसतात. पांढरी चिपी ही दुसरी खारफुटी; तिची मुळं जाड आणि टोकाला निमुळती. तिसरा कांदळ तर आधारमुळांच्या कमानींवर उभा. या तिघांची तुलना दाखवणारी आकृती विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, आली, तर कुठलीही शाळा ती फुकट वापरू शकेल.

बहुतेक आकृत्या अडकतात त्या पहिल्याच पायरीवर. पाठ्यपुस्तकातलं चित्र स्कॅन करायचं, इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून रेघा ओढायच्या आणि स्रोताच्या रकान्यात 'स्वतःचं काम' लिहायचं. हे स्वतःचं काम नव्हे. श्वसनमुळांवर वायुरंध्रं असतात, ही माहिती कुणाच्याच मालकीची नाही; पण ती कुठल्या कोनातून, कशी दाखवली, ही मांडणी चित्रकाराची. कल्पनेवर नाही, मांडणीवर कॉपीराइट असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच सांगितलंय. म्हणून पुस्तकं दोन-चार वाचावीत, चित्र मात्र खाडीत उभं राहून काढावं.

[दृश्य: स्केचवही, मग संगणकाचा पडदा]

जुनं चित्र चालतं का? भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याने निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. कॉमन्सवर मूळ देश आणि अमेरिका, दोन्हीकडे ते मुक्त असावं लागतं. साध्या रेणूची रचना किंवा सरळसोट आलेख यात कलाकारी इतकी थोडी, की कॉपीराइटचा प्रश्न सहसा येत नाही. खारफुटीच्या चित्राला ही सूट नाही.

फाइल एसव्हीजी (चित्र रेघा-आकारांच्या रूपात साठवणारा प्रकार) ठेवा आणि मजकूर मजकूरच राहू द्या. अक्षरांचे आकार करून टाकले, तर मराठी नावांच्या जागी दुसऱ्या भाषेतली नावं घालता येत नाहीत. जुन्या इंकस्केपमध्ये चौकट ओढून टाइप केलेला मजकूर कॉमन्सवर काळा ठोकळा होऊन दिसतो; एकदाच क्लिक करून टाइप करावं. फॉन्ट नोटो सान्स देवनागरीसारखा मुक्त निवडा, नाहीतर सर्व्हर दुसराच फॉन्ट लावतो आणि नावं बाणांपासून सरकतात.

[दृश्य: परवान्याचा रकाना]

आता परवाना. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या तयार परवान्यांपैकी सीसी बाय (नाव द्यावं), सीसी बाय-एसए (नाव द्यावं आणि पुढेही हाच परवाना ठेवावा) किंवा सीसी झिरो (कुठलीच अट नाही). 'अव्यावसायिक वापरापुरतं' ही अट कॉमन्सला चालत नाही आणि इथेच लोक बिचकतात: उद्या कुणी हे छापून विकलं तर? विकू शकतो. ते मान्य नसेल, तर चित्र इथे टाकू नये, कारण एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. बाय-एसए चित्रावरून नवी आकृती केली, तर तीही बाय-एसएच. मूळ फाइलचा दुवाही द्यायचा.

चित्र दुसऱ्याने काढलं असेल, तर 'माझी हरकत नाही' एवढं पुरत नाही. 'विकिपीडियावर वापरा' हेही नाही. परवान्याचं नाव लिहिलेला ईमेल चित्रकारानेच कॉमन्सच्या स्वयंसेवकांना पाठवायचा. 'परवानगी नाही' असा शिक्का बसला, तर सात दिवसांनी फाइल काढली जाऊ शकते.

[दृश्य: जेटीवरचा माहितीफलक]

बाय-एसए आकृती फलकावर छापताना खाली चित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव आणि मूळ फाइल व परवाना या दोन्हींचे दुवे द्यावेत. काही बदललं असेल, तर तेही सांगावं. हे राहून गेलं, तर वापरण्याचा हक्क संपतो. परवाना 4.0 आवृत्तीचा असेल, तर चूक कळल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केली, की तो आपोआप परत मिळतो.