ऐकून घेणारा जोडीदार

हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने 1953 साली ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ या नवराबायकोंना घेऊन रंगीत सिनेमा करायला घेतला, तेव्हा स्टुडिओतल्या लोकांना एक धास्ती होती. ‘आय लव्ह ल्युसी’ या टीव्ही मालिकेमुळे ही जोडी दर सोमवारी रात्री अमेरिकेतल्या घराघरांत फुकट दिसत होती. मग त्यांनाच पाहायला तिकीट काढून कोण येणार? 1954 च्या फेब्रुवारीत ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ लागला आणि चांगला चालला. लोक नेमकं काय पाहायला आले, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

‘खरे नवराबायको पाहायला’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. खरं लग्न हे सिनेमा चालण्याचं कारण असतं, तर अशा जोड्यांचा एकही सिनेमा पडला नसता. मला वाटतं, या जोड्यांपैकी ज्या टिकल्या, त्यांच्यात एकाला ऐकून घेता येत होतं. हशा एकाच्या वाट्याला येतो, पण तो उभा करतो दुसरा. वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या माणसाला समोरच्याचा श्वास ओळखू येतो. वाक्य कुठे संपणार, कुठे अडणार हे त्याला आधी कळतं. कॅमेऱ्याला हे दिसतं.

जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन या विनोदी जोडीचंच पाहा. 1926 साली त्यांचं लग्न झालं, पण रंगमंचावरची जोडी त्याआधीची. सुरुवातीला विनोदी वाक्यं जॉर्जकडे होती आणि ग्रेसीने फक्त प्रश्न विचारायचे होते. प्रेक्षक जॉर्जच्या उत्तरांना हसेनात, ग्रेसीच्या प्रश्नांना हसायला लागले. जॉर्जने काय केलं असेल? सगळी हशाची वाक्यं तिला देऊन टाकली आणि स्वतः सिगार हातात धरून शेजारी उभा राहिला. पुढची सगळी कारकीर्द या एका निर्णयावर उभी आहे. हशा चालू असेपर्यंत तो सिगार ओढायचा, ओसरला की पुढचा प्रश्न. ग्रेसीचं पात्र वेंधळं नव्हतं. तिचा स्वतःच्या तर्कावर पक्का विश्वास होता, आणि जॉर्ज तो तर्क शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. तो मध्येच तुटला असता तर विनोद राहिलाच नसता. 1937 च्या ‘अ डॅम्झेल इन डिस्ट्रेस’मध्ये ही दोघं प्रसिद्ध नर्तक-नट फ्रेड अस्टेअरबरोबर आहेत. जत्रेतल्या गमतीच्या घरातला त्यांचा नाच जरूर पाहा. नृत्यदिग्दर्शक हर्मिस पॅन यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं, पण मला त्यात या दोघांनी फ्रेडच्या पावलांवर ठेवलेलं ध्यान जास्त आवडतं.

आल्फ्रेड लंट आणि लिन फाँटॅन यांची तऱ्हा वेगळी. ही रंगभूमीची माणसं. दोघं एकाच वेळी बोलायची, एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवायची, तरी दोघांचा शब्दन्‌शब्द कळायचा. 1931 च्या ‘द गार्ड्समन’मध्ये एक नट बायकोची परीक्षा घ्यायला रशियन सैनिकाचा वेश करून तिच्यावर प्रेमाची बरसात करतो. तिने ओळखलं की नाही, यावर सगळी गंमत. दोघांनाही ऑस्करचं नामांकन मिळालं, पण त्यांनी हॉलिवूडकडे जवळजवळ पाठच फिरवली आणि ती रंगभूमीवर राहिली.

आता ल्युसी आणि देसी. दोघांची गाठ आरकेओ स्टुडिओच्या ‘टू मेनी गर्ल्स’ या सिनेमाच्या वेळी पडली आणि 1940 च्या नोव्हेंबरात लग्न झालं. तो क्युबाचा, बँड घेऊन गावोगाव फिरणारा, ती हॉलिवूडमध्ये. लग्नाची पहिली दहा वर्षं बरीचशी ताटातुटीत गेली. सीबीएस या टीव्ही कंपनीला तिची मालिका हवी होती, पण तिचा नवरा म्हणून स्पॅनिश हेल काढून इंग्रजी बोलणारा क्युबन माणूस लोक मानतील का, ही त्यांना शंका. तेव्हा 1950 साली दोघांनी एक कार्यक्रम बसवला आणि तो घेऊन शहरोशहरी दौरा केला. लोक हसले, शंका मिटली. ल्युसीने ही मालिका मागितली ती नवऱ्याबरोबर एका गावात राहता यावं म्हणून. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मालिकेतली ऊब लेखकांनी एकट्याने आणलेली नाही.

आणि देसीला ‘ल्युसीचा नवरा’ म्हणून बाजूला सारणं हा मोठा अन्याय आहे. मालिका फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी, समोर प्रेक्षक बसवून चित्रित करायची ही व्यवस्था त्याने उभी केली. त्यासाठी कार्ल फ्रॉइंडसारखा छायालेखक आणला, ज्याने जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’ चित्रित केला होता. खर्च वाढला तेव्हा दोघांनी मानधन कमी घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. 1957 च्या सुमारास त्यांच्या देसिलू कंपनीने आरकेओचे स्टुडिओच विकत घेतले, जिथे ती दोघं पहिल्यांदा भेटली होती.

‘द लाँग, लाँग ट्रेलर’ची पटकथा लिहिली फ्रान्सिस गुडरिच आणि आल्बर्ट हॅकेट यांनी. तीही नवराबायको! दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली. नवविवाहित जोडपं घराऐवजी ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं 36 फूट लांब घर घेतं आणि ते गाडीला जोडून डोंगर ओलांडायला निघतं. ल्युसीला पिठात, चिखलात लोळायला मिळतं. चालत्या ट्रेलरमध्ये ती स्वयंपाक करते तो प्रसंग सगळ्यांना आठवतो, आणि तो आठवावा असाच आहे. तिच्या शरीरावरचा ताबा पाहून मला आजही थक्क व्हायला होतं. पण देसी गाडी चालवायला शिकतो तो प्रसंग पाहा. मागे एवढं मोठं लोढणं आहे, आधी ट्रेलरचा ब्रेक दाबायचा, मग गाडीचा, हे त्याच्या कानीकपाळी ओरडलं जातं. पुढे रस्त्यावर तो काही करत नाही, फक्त स्टिअरिंग धरून बसतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर ती भीती मुक्कामाला येते. नातेवाइकांच्या अंगणात ट्रेलर मागे घेताना सगळे वेगवेगळ्या सूचना देतात, गुलाब चिरडले जातात, आणि हा माणूस प्रत्येकाचं ऐकतो. तो ऐकतो म्हणून आपण हसतो.

डोंगराचा प्रसंग माझ्या मते सगळ्यात चांगला. ओझं नको म्हणून त्याने तिला गोळा केलेले दगड टाकायला सांगितलेले असतात. तिने ते ट्रेलरभर दडवलेले असतात. आपल्याला माहीत, तिला माहीत, त्याला नाही. एका बाजूला दरी आणि दोघंही भीती लपवायला काहीबाही बोलत राहतात. तिचं बोलणं लांबत जातं, त्याची उत्तरं आखडत जातात. या लयीसाठी किती तालमी झाल्या असतील कोण जाणे, पण तेरा वर्षांचा संसार त्यात नक्की आहे.

दोन वर्षांनी त्यांनी ‘फॉरएव्हर, डार्लिंग’ केला आणि तो पडला. जेम्स मेसन त्यात संरक्षक देवदूत आहे, आणि तो फक्त बायकोला दिसतो. म्हणजे ल्युसीचं बोलणं ऐकायला तिसराच माणूस आणला! देसीच्या वाट्याला उरलं ते गोंधळून बघणं. मेसन उत्तम नट, पण जोडीचा कणाच काढून घेतल्यावर तो तरी काय करणार?

दोघांच्या शेवटच्या एकत्र कार्यक्रमाचं चित्रीकरण 2 मार्च 1960 रोजी झालं, देसीच्या 43 व्या वाढदिवशी. दुसऱ्याच दिवशी ल्युसीने घटस्फोटाचा अर्ज दिला. तरी त्या भागात वाक्यावर वाक्य बरोबर पडतं. संसार मोडला, तरी ऐकायची सवय मोडली नव्हती. पुढे ल्युसीने एकटीने मालिका केल्या, देसीचा कंपनीतला हिस्सा विकत घेऊन 1962 पासून आख्खा स्टुडिओ चालवला. त्या मालिकांतही ती हसवते, पण कुणाच्या तरी चेहऱ्यावर आदळून परत येणारा तो हशा मला त्यात सापडत नाही.

आता आपण डोंगराचा प्रसंग दोनदा लावणार आहोत. पहिल्या वेळी तुम्ही ल्युसीकडेच बघाल, त्याला इलाज नाही. दुसऱ्या वेळी मात्र नजर देसीवर ठेवा, आणि तो कुठे थांबतो ते मोजा. मग आपण चर्चेला बसू.