काचेपलीकडची घार

(दृश्य : समुद्रकिनारा, लाटांचा आवाज. जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

३ एप्रिल १९१२. कॅलिफोर्नियातलं लाँग बीच. किनाऱ्यावर बघ्यांची गर्दी आणि वर कॅल रॉजर्सचं विमान. हा तोच रॉजर्स, ज्यानं आदल्याच वर्षी पडत-झडत, मोडलेलं विमान पुन्हा पुन्हा जोडत अख्खी अमेरिका पार केली होती. न्यूयॉर्कहून पासाडेनाला पोचायला ४९ दिवस लागले, आणि सुटे भाग घेऊन एक खास रेल्वेगाडी त्याच्या मागोमाग धावत होती. एवढं सगळं पचवलेल्या या माणसाचं विमान त्या दिवशी कुरव पक्ष्यांच्या थव्यात शिरलं. एक पक्षी सुकाणूच्या यंत्रणेत अडकला, असं नोंदी सांगतात. विमान उथळ पाण्यात कोसळलं. पक्ष्याच्या धडकेनं वैमानिकाचा जीव गेल्याची ही पहिली घटना मानली जाते.

धडकेची पहिली नोंद मात्र त्याहून जुनी. १९०५ च्या सप्टेंबरात ओहायोत विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी ऑर्व्हिल राइटनं पक्ष्यांच्या थव्याचा चक्क दोन फेऱ्या पाठलाग केला. एक पक्षी मेला, वरच्या पंखावर पडून राहिला आणि जोराचं वळण घेतल्यावर खाली घसरला. म्हणजे त्या वेळी तरी पक्ष्याला दोष देता येणार नाही!

(दृश्य : सेस्ना या छोट्या विमानाचं नाक, समोरून.)

पंखा, त्यामागे इंजिन, आणि वैमानिकाच्या तोंडासमोर ॲक्रिलिकची काच. बस्स. मोठ्या प्रवासी विमानाच्या काचेनं ४ पौंडांच्या, म्हणजे १.८ किलोच्या पक्ष्याची धडक सोसली पाहिजे, असा अमेरिकेत नियम आहे. एका इंजिनाच्या चार आसनी सेस्नाला तशी अट नाही.

आपल्याकडे बारामती, गोंदियाला मुलं छोट्याच विमानांवर उडायला शिकतात. दुपारी तापलेल्या हवेत घारी वर चढत असतात. सेस्ना १७२ ताशी साधारण २२० किलोमीटर वेगानं जातं. किलोभराची घार त्या वेगानं काचेवर आदळली, तर निमिषभर तिथं टनाहून जास्त भार पडतो.

पक्षी समोर दिसला तर वर चढा, असं शिकवतात; कारण घाबरलेला पक्षी बहुधा खाली सूर मारतो. पण टेक-ऑफनंतर वेग कमी असताना नाक फार वर ओढलं, तर पक्षी चुकेल आणि विमान पडेल. काच फुटलीच, तर आत वारा, पिसं, रक्त, आणि रेडिओवरचं काहीच ऐकू येत नाही. तेव्हा मान खाली, वेग कमी, पण विमान उडतं ठेवायचं. रेडिओ नंतर.

(दृश्य : धावपट्टी, ओक्लाहोमा सिटी.)

जेट असलं म्हणून सुटका नाही. ४ मार्च २००८ रोजी वायली पोस्ट विमानतळावरून एका छोट्या सायटेशन जेटनं उड्डाण केलं आणि ते पांढऱ्या पेलिकनांच्या थव्यात सापडलं. पेलिकन म्हणजे कित्येक किलोंचं धूड. पंखाचं नुकसान झालं, विमान कोसळलं, आतले पाचही जण गेले.

विमानाला धडकलेला पक्षी कोणता, हे ओळखण्याचं काम वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संस्थेची पिसांची प्रयोगशाळा करते. विमानावरच्या त्या चिकट राड्याला तिथं ‘स्नार्ज’ म्हणतात. विमानतळावर कुणीतरी तो कागदी रुमालानं पुसून घेतो, पिशवीत बंद करतो आणि पाकिटावर पत्ता घालून टपालात टाकतो.