‘जरा बोलायचंय तुझ्याशी’

नमस्कार श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वीची शुक्रवारची संध्याकाळ. फोर्टमधल्या आमच्या ऑफिसात आवराआवर चालली होती. माझ्या हाताखाली एक तरुण मुलगा होता, डोंबिवलीहून यायचा. त्याच्या तक्त्यातली बेरीज त्या महिन्यात दोनदा चुकली होती. पर्स खांद्याला लावता लावता मी त्याला म्हटलं, “सोमवारी जरा बोलायचंय तुझ्याशी.” आणि स्टेशनकडे निघाले.

सोमवारी तो आला तो चेहरा उतरवूनच. दोन रात्री झोपला नव्हता, हे मला पुढे कळलं. नोकरी बहुतेक जाणार, असं त्याने घरी आईला सांगूनही टाकलं होतं. मला सांगायचं होतं ते एवढंच, की तक्ता पाठवण्याआधी बेरीज एकदा तपासत जा. त्या दोन रात्रींचं मला आजही वाईट वाटतं.

‘बोलायचंय’ एवढं ऐकलं की समोरच्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: आता माझं काय होणार? त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे तोवरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. सरासरीने फीडबॅकचा उपयोग होतो, हे खरंच निघालं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम सुधारायच्या ऐवजी बिघडलं होतं. त्यांची मांडणी अशी, की माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळलं की फीडबॅकचा परिणाम कमी होतो. हे वाचताना मला तो सोमवारचा चेहरा आठवला.

आपल्याकडे सुरुवात कशी होते, आठवून पाहा. “स्पष्ट बोलते, राग मानू नका.” झालं, ऐकणारा तिथेच अंग चोरतो. दुसरी तऱ्हा लेकी बोले सुने लागे: चूक एकाची, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांना उद्देशून बोलायचं. ज्याला कळायला हवं त्याला कळत नाही, बाकीचे मात्र उगाच धास्तावतात. मुंबईच्या ऑफिसांत मी आणखी एक गोष्ट पाहिली आहे. एरवी ‘अरे, चहा घेतलास का’ म्हणणारा साहेब कठीण बोलायची वेळ आली की एकदम इंग्रजीत शिरतो, नाहीतर ‘तू’चं ‘तुम्ही’ करतो. शब्द कितीही सौम्य असोत, भाषा बदलली की माणूस दुरावला हे समोरच्याला लगेच कळतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, रोज ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत हेही बोला. हाताखालचा माणूस वयाने मोठा असेल तर रोजचं ‘अहो’ त्या दिवशीही तसंच राहू द्या, आणि “तुमच्याकडून एक समजून घ्यायचंय” इथून सुरू करा. ते नुसतं मान राखणं नसतं. तीस वर्षं तेच काम केलेल्या माणसाकडे खरोखर सांगण्यासारखं असतं.

वेळ आणि जागाही बघा. ज्याला ठरलेली फास्ट लोकल गाठायची आहे, त्याचं मन पावणेसहानंतर घड्याळात असतं. आणि काचेच्या केबिनमध्ये बसवलंत तर बाहेरची दहा माणसं त्याचा चेहरा वाचत राहतात.

दीड महिन्याने त्याच मुलाची बेरीज पुन्हा चुकली. या वेळी मी सकाळीच त्याच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, “आत्ताच दहा मिनिटं बसू या का? कालच्या तक्त्याबद्दल आहे. नोकरीचा काही प्रश्न नाही, तू इथे हवा आहेस.” हे वाक्य खरं असेल तरच उच्चारावं. नोकरीवर खरंच आलं असेल तर तेही पहिल्याच मिनिटाला सांगावं. खोटा दिलासा एकदा उघडा पडला की पुढचा कुठलाच शब्द खरा वाटत नाही. मग आम्ही आतल्या खोलीत जाऊन बसलो. मी म्हटलं, “तिसऱ्या रकान्यातली बेरीज मूळ यादीशी जुळत नाही. नवा नमुना मी घाईत दिला होता, माझ्याकडूनही काही राहिलं असेल. तुला काय वाटतं, कुठे अडतंय?”

आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं फार जड गेलं. चार वेळा तोंडाशी शब्द आले, ते गिळले.

तो उठला, आपल्या ड्रॉवरमधून कागदांचा गठ्ठा घेऊन आला. दोन शाखा अजून जुन्याच नमुन्यात आकडे पाठवत होत्या. तो रोज संध्याकाळी ते सगळे हाताने नव्या रकान्यांत उतरवत होता. चार महिने. मी त्याला निष्काळजी समजत होते.

“आधी का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“मॅडम, मला वाटलं हे माझंच काम आहे.”

दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी मी दोन्ही शाखांना फोन केले. तो शेजारी उभा राहून मला एकेक रकाना सांगत होता.