रणातलं आगर

हा पहिला फोटो: नजर पोचेल तिथवर भेगाळलेली जमीन. झाड नाही, दगड नाही. आणि डावीकडून आलेला हा घुडखरांचा, म्हणजे रानगाढवांचा, कळप. कॅमेरा लावेपर्यंत निम्मा पुढे निघून गेला होता.

ऐरोलीहून आमच्याबरोबर आलेले काका खाडीतल्या पक्ष्यांची नोंद ठेवतात. कच्छच्या छोट्या रणात ते आले या रानगाढवांसाठीच. जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९७३ सालचं.

दुसऱ्या दिवशी मात्र दुर्बीण गळ्यातच लोंबत राहिली. समोर मीठ पिकत होतं. "ह्यो त आपलाच आगर हाय!" काका आगरी. त्यांच्या आजोबांचं मिठागर ठाण्याच्या खाडीकाठी होतं. इथले मीठकरी अगरिया. आगर दोन्ही नावांत आहेच.

फरक पाण्याचा. आपल्याकडे भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचं. इथे समुद्र दिसतही नाही, खारं पाणी जमिनीखाली. पावसाळ्यात रण बुडतं, विहिरी गाळाने बुजतात. ऑक्टोबरच्या सुमारास अगरिया बिऱ्हाड घेऊन येतात आणि पुन्हा खणायला लागतात. वर येणारं पाणी समुद्राहून कितीतरी खारट. पूर्वी ते डिझेलच्या पंपाने उपसत, आता हे सौर पंप आलेत. एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत पाणी घट्ट करायचं. शेवटच्या वाफ्याचा तळ मात्र पायांनीच तुडवायचा, दिवसचे दिवस.

हे पाय बघा.

मीठ धरलं की रोज दाताळं ओढायचं, नाहीतर खडे चिकटून लादी होते. काकांनी हौसेने दाताळं मागून घेतलं. दोन फेऱ्या झाल्या, तिसरीला तिथल्या बेनने हसत परत घेतलं.

मार्च-एप्रिलमध्ये हे पांढरे ढीग उभे राहतात. भाव व्यापारी ठरवतो. तिरिपेने डोळे अधू होतात. अभयारण्यात मीठ पिकवायच्या हक्काचं भांडण आहे ते वेगळंच.

आणि ही आपली ठाणे खाडी. २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हे पक्षी वीण घालतात ते कच्छच्या मोठ्या रणातही. आजोबांच्या मिठागराच्या जागी आता काय आहे, ते उजव्या कडेला दिसतंय.

रणातून आणलेला मिठाचा खडा काकांच्या खिडकीत आहे. जुलै लागलाय. त्याला पाणी सुटलंय.