दुसऱ्या भागाबद्दल थोडी तक्रार

इंग्रज विनोदी लेखक डग्लस ॲडम्सच्या एका कादंबरीबद्दल बोलायचंय आणि बोलता बोलता रहस्यं फुटणार आहेत. ज्यांना ती कोरी वाचायची असेल त्यांनी खुशाल बाहेर एक चक्कर मारून यावी.

१९८७ मध्ये ॲडम्सनं डर्क जेंटली नावाचा डिटेक्टिव्ह उभा केला. जगात सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, असं या गृहस्थांचं ठाम मत. त्यामुळे हरवलेलं मांजर शोधण्याच्या बिलातही बहामाचा प्रवासखर्च लागतो. दुसरा भाग पुढच्याच वर्षी आला: ‘द लाँग डार्क टी-टाइम ऑफ द सोल’. तो मला आवडतो आणि माझी त्याच्यावर तक्रारही आहे.

आधी पहिल्या भागातला सोफा. तो जिन्यात अडकलाय. वर जात नाही, खाली येत नाही. कॉम्प्युटरवर गणित मांडलं, तर उत्तर येतं की तो मुळात इथवर पोचूच शकत नाही. आपण हसतो आणि विसरतो. पुढे कळतं, की त्या जागी क्षणभर कालयंत्राचं दार उगवलं होतं आणि हमालांनी सोफा त्यातून वळवला होता. ज्याला हसलो, तोच पुरावा! विनोदी रहस्यकथेकडून मला हेच हवं असतं. नाहीतर विनोद वेगळा, खून वेगळा, आणि आपण आळीपाळीनं दोन पुस्तकं वाचतोय असं वाटतं.

दुसऱ्या भागाची सुरुवात या कसोटीला झकास उतरते. डर्क झोपून राहतो, अशिलाकडे उशिरा पोचतो, तर अशिलाचं मुंडकं रेकॉर्ड प्लेअरवर गरगर फिरतंय आणि गाणं एकाच ओळीवर अडकलंय. भयंकर आहे, पण हसू येतं. आणि ती अडकलेली ओळच सुगावा आहे. हीथ्रो विमानतळावर थॉरला, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन पुराणांतल्या साक्षात नॉर्स देवाला, पासपोर्ट नाही म्हणून विमानात घेत नाहीत. चेक-इन काउंटर उडतो, तिथली मुलगी गायब. ती कोकाकोलाचं मशीन होऊन बसलीये, हे बऱ्याच उशिरा कळतं. आणि ओडिन! देवांचा राजा, पण स्वच्छ, इस्त्रीच्या चादरींसाठी आपली सगळी शक्ती करार करून विकून मोकळा झालेला. हा खलपुरुष म्हणावा की दमलेला म्हातारा? मला तर त्याची कीवच येते.

डर्कचा फ्रिज तर विचारूच नका. तो आणि त्याची कामवाली, दोघंही ‘आधी कोण उघडतो’ याची महिनोन्‌महिने वाट बघतायत. त्यातून पुढे काय निघतं, ते मात्र सांगत नाही.

मग बिनसतं कुठे? शेवटाला. इतके धागे सैल सोडून लेखक अखेरच्या पानांत ते भराभर गुंडाळतो. मला दोनदा मागे जाऊन बघावं लागलं, की एखादं पान चुकून उलटलं तर नाही ना. त्याहून खुपतं ते हे, की प्रकरण देव आपापसात मिटवतात. डर्क तिथे हजर असतो, इतकंच. या भागाची नायिका केट ही वर्णनाच्या पाल्हाळाशिवाय, दोन-चार संवादांतच जिवंत होणारी बाई. तिलाही शेवटी नीटसं काम उरत नाही.

तिसरा भाग ॲडम्स लिहीत होता. २००१ मध्ये तो गेला आणि अर्धवट मजकूर पुढच्या वर्षी ‘द सॅमन ऑफ डाउट’ या संग्रहात छापला गेला. तो वाचायचा असेल तर वाचा, पण दुसऱ्या भागाच्या आधी पहिला वाचाच. सोफ्यासाठी.