गोठ्याच्या परवान्याआधी शेणाचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. मी पशुवैद्यक. ठाणे-नवी मुंबईतल्या कळवा, दिवा, घणसोली, दिघा इकडची तरुण मुलं मला विचारतात, "डॉक्टरसाहेब, दहा म्हशी घ्यायच्यात. परवाना कुठं मिळेल?" मी विचारतो, "शेण कुठं टाकणार?" रतिबाला किती, हॉटेलला किती, सरकीच्या पेंडीचा भाव काय, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. शेणाचं विचारलं की गप्प होतात. आणि अर्ज नेमका तिथंच अडतो.

मोठं जनावर दिवसाला 15 ते 20 किलो शेण टाकतं आणि जवळपास तेवढे लिटर मूत. दहा म्हशींचं महिन्याला साडेचार ते सहा टन शेण झालं, गोठा धुतल्याचं पाणी वेगळंच. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. उघडा उकिरडा एका रात्रीत नाल्यात जातो आणि नाला खाडीत. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि त्याच खाडीवर आपल्या कोळी बांधवांचं पोट आहे. त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हा नुसता कागद समजू नका.

शहरात गुरं पाळण्यावर आणि त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा कायदा 1976 चा आहे. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की गोठा वस्तीपासून 200 मीटर आणि शाळा, रुग्णालयांपासून 500 मीटर लांब हवा. नौपाड्यात किंवा कोपरखैरण्यात एवढं अंतर कुठून आणणार? माझं स्पष्ट मत आहे, शहरात जागा शोधण्यात पैसा घालवू नका. मुरबाड, शहापूर, भिवंडीच्या ग्रामीण भागात बघा. दूध गाडीनं शहरात येतं, म्हैस मात्र कुणाच्या खिडकीखाली बांधता येत नाही. आणि जागा ठरवण्याआधी सातबारा नीट वाचा. नवी मुंबईत तर कितीतरी जमीन सिडकोनं संपादित केलेली आहे. गावातला ओळखीचा माणूस "बांधा बिनधास्त" म्हणाला, म्हणून तो मालक ठरत नाही.

आता नकाशा. म्हशीमागे छपराखाली 4 चौरस मीटर आणि मोकळ्या आवारात 8 चौरस मीटर धरा. जमिनीला साधारण 40 फुटांत एक फूट उतार गटाराकडे, गटारातून पाणी टाकीत, आणि शेणासाठी छपराचा खड्डा किंवा बायोगॅस. फरशी गुळगुळीत नको, खरबरीत हवी, नाहीतर गाभण म्हैस घसरते. गोठा बांधून झाला की गव्हाणीच्या बाजूनं एक बादली पाणी ओता आणि उभं राहून पाहा. पाणी म्हशीच्या मागच्या पायांशी साचलं, तर ती त्याच ओलीत बसणार, सड घाण होणार आणि कासदाह, म्हणजे कासेची सूज, तुमच्या दारात येणार. असा उतार परवान्याच्या तपासणीआधी दुरुस्त करून घ्या.

दूध स्वतः विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. रोज 500 लिटरच्या वर गेलात की नोंदणी पुरत नाही, परवाना घ्यावा लागतो. सगळं दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासदाला यातून सूट आहे. इतकी वेगवेगळी दारं ठोठावायला लागू नयेत, एकाच खिडकीवर काम व्हावं, असं मला मनापासून वाटतं. कष्टाळू माणसाचे दिवस त्यात फुकट जातात.

म्हशी मात्र सगळ्यात शेवटी घ्या. 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक राज्यात करता येत नाही. बाजारात पैसे मोजण्याआधी बिल्ल्यावरचा 12 आकडी क्रमांक विक्रीच्या पावतीशी एकेक आकडा लावून जुळवा आणि लाळ्या-खुरकुताची लस कधी दिली ते विचारा. जुळलं नाही, तर म्हैस कितीही दुधाळ असो, तिला गाडीत चढवू नका.